देवदाराच्या तेलाचा वास

"अरे, कुठाय हा पेशंट? आत्ताच्या आत्ता माझ्यापुढे उभा करा!" डॉक्टरसाहेब असे गरजले, की नाशकातल्या त्या प्रयोगशाळेच्या काचा थरथरल्या आणि, शपथेवर सांगतो, तिकडे निफाडला वेलीवरची द्राक्षे गळाली. मुंबईच्या संशोधनवृत्तीची जागा एक आणि उमेदवार आम्ही दोघे, मी अन् माझा इगतपुरीचा मित्र. प्रत्येकाने इस्पितळातल्या एखाद्या रोग्याच्या रक्ताची काचपट्टी करून आणायची होती. मित्राला वॉर्डात हिंडायचा कंटाळा. गड्याने स्वतःच्याच बोटाला सुई टोचली आणि पट्टी अशी रंगवली, की येवल्याची पैठणी झक मारेल. "काय रे, तुझा पेशंट लाजतोय का?" मी त्याला डिवचले. तो हसत पुढे झाला. "हा काय साहेब, उभाच आहे." साहेबांनी मला सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवले. वाकलो तसा भिंगाला लावलेल्या देवदाराच्या तेलाचा गोडसर वास आला, आणि खाली पांढऱ्या पेशींची ही जत्रा! तांबड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यामागून मित्रही वाकला. रक्ताच्या कर्करोगाची ही खूण आम्हा तिघांनाही ठाऊक होती. वृत्ती मला मिळाली. तो वर्षाच्या आत गेला. अजून पेन्सिल तासली, की तोच वास येतो आणि पाठीमागून कुणीतरी हसत पुढे होते. ही मात्र थाप नव्हे. त्या दिवशी दारातून परत वळून त्याने विचारले होते, "पण साहेब, पट्टी कशी झालीय?" "दोघांत तुझीच चांगली," साहेब म्हणाले.