नातीच्या खोलीतली धुरी

मंडळी, आज सकाळी घरात नुसती धावपळ होती. दीड महिन्याची नात कालपासून किरकिर करत होती. सूनबाईने अंगावर घेतलं की दोन घोट प्यायची, सोडायची आणि किंचाळायची.

मी म्हटलं, पोट दुखतंय. बायको म्हणाली, दृष्ट लागली. सूनबाईला वाटलं आपलं दूधच आटलं, ती रडायलाच लागली. शेवटी डोंबिवलीतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी ताप पाहिला, वजन केलं, कान, तोंड, पोट तपासलं. मग विचारलं, "घरात धूर करता का?"

"आमच्या मानपाड्याला केमिकल कंपन्यांचा वास येतो ना, म्हणून मी रोज ओव्याची धुरी द्यायला लावतो," मी ऐटीत सांगितलं.

"आजोबा, त्या धुरानेच हिचं नाक चोंदलंय. नाक बंद असल्यावर दूध ओढताना श्वास कुठून घेणार?"

त्यांनी नाकात सलाईनचे थेंब घातले. थोड्या वेळाने नात तिथेच पोटभर प्यायली आणि झोपली. सूनबाई डोळे पुसत हसली, "बाबा, आता धुरी फक्त तुमच्या खोलीत हं!"

धुरी बंद केली. पण कंपन्यांचा वास आला की माझा जीव खालीवर होतो. तुम्ही अशा वेळी बाळाला कसं जपता?