सख्खं की चुलत?

रेकॉर्डवर सुई टेकवली की काका उजव्या हाताची तर्जनी वर करायचे, डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "सख्खं की चुलत?"

दारावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटावं, आत कुणाची तरी सोयरीक जुळते आहे. प्रत्यक्षात आत स्पीकरमधून एखादा काउबॉय भर उन्हात घोडा दामटत निघालेला असायचा. त्याच्या मागे वाजणारं संगीत सिनेमातलंच आहे की नंतर पुन्हा वाजवून घेतलेलं, एवढंच काकांना आपल्या तोंडून हवं असायचं. उत्तरं दोनच. डोळे मिटून ठोकून दिलं तरी निम्म्या वेळा बरोबर यायला हवं. पण माझं नशीब असं, की मी सख्खं म्हणालो की ते चुलत निघायचं, आणि पुढच्या वेळी हुशारी करून चुलत म्हणालो की काका कपाळाला हात लावायचे.

काकांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा होता. माणूस लोणी काळभोरचा, शेतकरी घरातला. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या, त्यामुळे त्यांच्या दारावरून गेल्याशिवाय मला घरी जाता येत नसे. मी बँकेत नोकरी करतो एवढ्या भांडवलावर ते मला साहेब म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या दारावरून आपण चपला हातात घेऊन जातो आणि तरी तो आतून हाक मारतोच.

हा नाद त्यांना तरुणपणी लागला. गुळाच्या ट्रकबरोबर पुण्यात यायचं, माल उतरवायचा आणि परतीची गाडी सुटेपर्यंतचा वेळ कॅम्पातल्या एखाद्या थिएटरात काढायचा. तिथं काउबॉयचे सिनेमे लागत. "इंग्रजी कशाला कळतंय," ते सांगायचे, "पण घोडं कळत हुतं." सिनेमा संपला की गोष्ट विसरायची, पण संगीत डोक्यात राहायचं. पुढं हातात चार पैसे आल्यावर त्यांनी त्या संगीताच्या रेकॉर्डी जमवायला घेतल्या आणि लवकरच त्यांना कळलं की आपण फसवले जातोय.

भानगड अशी होती. सिनेमात जे वाजतं तेच रेकॉर्डवर मिळतं असं आपण समजतो. तसं नसतं. बऱ्याचदा सिनेमा झाल्यावर तोच संगीतकार वादकांना पुन्हा स्टुडिओत बसवून, नीटनेटकं, खास रेकॉर्डसाठी म्हणून ते वाजवून घेतो. आणि खूप वर्षांनी भलत्याच देशातला भलताच वाद्यवृंद ते सगळं पहिल्यापासून वाजवतो. काकांनी याची नात्यांत वाटणी केली होती. सिनेमातलं ते सख्खं, संगीतकारानं पुन्हा वाजवलेलं ते चुलत आणि परक्यांनी वाजवलेलं ते मानलेलं. मानलेल्यांशी ते फटकून वागत नसत, पण त्यांची जागा खालच्या कप्प्यात होती. "गुळाला पावडर मारली की पिवळाधमक दिसतो," ते म्हणायचे, "पण दूध घातल्यावर चहाच सांगतो."

हॉलची एक अख्खी भिंत या नातेवाइकांनी व्यापली होती. काकूंना ती भिंत गव्हाच्या डब्यांसाठी हवी होती. वर्षाचा गहू भरायची त्यांची रीत, आणि डबे ठेवायला घरात जागा नाही म्हणून ते दाराबाहेर जिन्याच्या वळणावर उभे असायचे. त्यावर आमच्या सेक्रेटरींनी पाटी लावली होती: 'जिना माणसांसाठी आहे. गव्हाने घरात बसावे.' काकू पाटीकडे बोट दाखवून काकांना म्हणायच्या, बघा, त्या माणसालाही कळतं, तुम्हाला कळत नाही. काका ऐकून घ्यायचे आणि रविवारी जुन्या बाजारातून आणखी दोन रेकॉर्डी आणायचे.

सोसायटीतलं कुणाचंही पोर अमेरिकेहून यायचं म्हटलं की त्याच्या बॅगेत काकांसाठी जागा ठेवावी लागे. चौथ्या मजल्यावर एक नागपूरचा मुलगा राहतो, आयटीत आहे. त्यानं एकदा मोठ्या प्रेमानं एक रेकॉर्ड आणली. कव्हरवर हॅट, बूट, घोडा, सगळं रीतसर. काकांनी सुई टेकवली आणि आतून एक माणूस गिटार घेऊन गायला लागला. काकांनी सुई उचलली, रेकॉर्ड पुसून कव्हरात घातली आणि शांतपणे परत दिली. "पोरा, हा गातोय," ते म्हणाले. "ज्याच्यामागं माणसं लागल्यात त्याला गाणं सुचत न्हाई."

त्यांचं सगळ्यांत लाडकं संगीत एकाच सिनेमाचं; त्याच्या सख्खी आणि चुलत अशा दोन्ही रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्या. त्यात एका ठिकाणी नायक गावाबाहेर एकटा उभा असतो. सगळी वाद्यं हळूहळू गप्प होतात, क्षणभर काहीच वाजत नाही आणि मग एकदम ढोल आणि तुताऱ्या उठतात, म्हणजे घोडे आले. तर त्या शांततेत, सख्ख्या रेकॉर्डवर, वादकांपैकी कुणीतरी खोकतो. चुलत रेकॉर्डवर तो खोकला नाही. हे गुपित काकांनी मला फार विश्वासानं सांगितलं होतं. त्या खोकल्यावर त्यांचा जीव होता. कोण कुठला तो वादक, सर्दी झालेली असेल, घरी बायकोनं जाऊ नका म्हटलं असेल, तरी आला बिचारा, असं ते हळहळून बोलत.

अडचण एवढीच की तो खोकला मला कधी ऐकू आला नाही. कारण नेमक्या त्या जागी काका बोलायचे. वाद्यं गप्प झाली की त्यांच्याच्यानं राहवायचंच नाही. बोट वर करून, खर्जातल्या आवाजात ते म्हणायचे, "आता घोडं." आणि घोडं यायचं. मग ते माझ्याकडे वळून विचारायचे, ऐकला का खोकला? मी हो म्हणायचो. सगळेच हो म्हणायचे.

एका कोजागरीला, गच्चीवर दूध आटत असताना, काकांनी जाहीर केलं की ज्याला सख्खं-चुलत ओळखता येईल त्याला हा सगळा संग्रह द्यायचा. त्यांच्या छातीत एकदा कळ येऊन गेली होती. मुलगा बंगळुरूला, त्याला यात रस नाही. आपल्यामागं या रेकॉर्डी पुन्हा जुन्या बाजारात फरशीवर मांडल्या जातील, त्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवील, हे चित्र त्यांना झोपू देत नव्हतं. ते हसत हसत सांगत होते, पण हातातलं दूध गार होऊन गेलं होतं. मला त्यांची फार दया आली आणि आपल्याला खोकला ऐकू येत नाही याची पहिल्यांदा लाज वाटली.

परीक्षा रविवारी सकाळी असे. कुणी कव्हर पाहून ओळखू नये म्हणून काकांनी कव्हरांची अदलाबदल केली होती. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांवरचे कागद चिकटवले होते, त्यामुळे गोरंबा फिरत असायचा आणि आतून गोळीबार ऐकू यायचा. कोणत्या कागदाखाली काय आहे, ते काकांनाही कानानंच ओळखावं लागे. आपण मध्येच बोलू नये म्हणून परीक्षक स्वतः टॉवेल तोंडाशी घट्ट धरून बसत, तरी नेमक्या त्या जागी त्यातून हुंकार निघायचाच. जुन्या बाजारातला रेकॉर्डवाला आला, तो कव्हरावरच विसंबला आणि पडला. नागपूरच्या मुलानं मोबाइल स्पीकरजवळ धरला आणि शेवटी कबूल केलं, "काका, मोबाइल पिक्चरचं नाव सांगून राहिला, पण सख्खं-चुलत त्याले समजत नाही." मी तर कितीदा बसलो आणि कितीदा पडलो ते विचारू नका.

मग एका रविवारी सेक्रेटरी आले. खरं तर ते डब्यांबद्दल भांडायला आले होते. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, टॉवेल तोंडाशी धरला आणि रेकॉर्ड लावली. वाद्यं गप्प झाली. त्या शांततेत खणखणीत खोकला आला, मलासुद्धा ऐकू आला. घोडे आले. सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले, चुलत. काकांनी टॉवेल काढून विजयी मुद्रेनं सांगितलं की नापास, एवढा मोठा खोकला ऐकला नाहीत, हे सख्खं आहे. आणि पुरावा म्हणून त्यांनी रेकॉर्डवरचा कागद सोलला.

रेकॉर्ड चुलत होती. खोकला स्वयंपाकघरातून आला होता. काकू ठेच्यासाठी मिरच्या परतत होत्या आणि त्यांना ठसका लागला होता.

"म्हणजे मी पास," सेक्रेटरी म्हणाले.

काका उभेच राहिले. नियम त्यांचाच होता, आणि ते शब्द फिरवणारे नव्हते. त्यांनी भिंतीकडे हात केला आणि घेऊन जा म्हणून सांगितलं. सेक्रेटरींनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "नको. तेवढे डबे हलवा."

त्यानंतर परीक्षा बंद झाली. काकांना स्वतः चुकल्याचं वाईट वाटलंच, पण जो पास झाला त्यालाही हे नको, हे जास्त लागलं. काकूंनी चार दिवस तिखट केलं नाही. काका मला जिन्यात गाठून म्हणाले, "साहेब, माझ्यामागं समदं बाजारात जाणार बगा. जिथनं आणलं तिथंच." काकूंना कधी विचारावं असं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. त्या आत असायच्या, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. फार माणसं आली होती. यार्डातले हमाल आले, लोणीचे भाऊबंद आले, जुन्या बाजारातला रेकॉर्डवालाही आला आणि जाताना भिंतीकडे बघून गेला.

नवा गहू आला तेव्हा मुलानं फोनवर ठरवलं की रेकॉर्डी देऊन टाकायच्या. रविवारी तो रेकॉर्डवाला येणार होता. आदल्या दिवशी दुपारी मी काकूंकडे गेलो. त्या हॉलमध्ये खाली बसून गहू निवडत होत्या आणि समोर ती भिंत होती. मला राहवेना. काकांचं लाडकं संगीत मी मोबाइलवर शोधून काढलं होतं, सिनेमातलं, अगदी सख्खं. म्हटलं, ऐकवू का. त्या नको म्हणाल्या नाहीत. मोबाइल मी सुपाशेजारी ठेवला.

वाद्यं हळूहळू गप्प झाली आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं. बारीकसा, दाबलेला खोकला. एवढ्या वर्षांत मला तो पहिल्यांदा ऐकू आला. काकांना हाक मारून सांगावंसं वाटलं. तोवर घोडे आले.

काकूंचा हात सुपातच थांबला होता. "हे सख्खं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी त्यांना स्क्रीन दाखवली. खोकला आहे काकू, हे सख्खंच आहे, असं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"सख्ख्यात घोडं यायच्या आदी ह्यांचा आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "ह्यात कुठं हाय?"

मी मोबाइल बंद केला आणि म्हणालो की काकू, तुम्ही पास झालात. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजे भिंत गेलीच म्हणायची."

रविवारी रेकॉर्डवाला आला तेव्हा काकूंनी त्याला चहा दिला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. मुलाला सांगितलं की ज्याचं त्याला मिळालं. गव्हाचे डबे आजही जिन्याच्या वळणावर आहेत. सेक्रेटरींनी पाटी काढलेली नाही, पण परवा मी त्यांना स्वतःच पोट आत घेऊन डब्यांच्या कडेनं वर जाताना पाहिलं.

काकू आता दुपारी कामं आटोपली की रेकॉर्ड लावतात. काल मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो तेव्हा त्यांचं दार उघडं होतं आणि आत ते लाडकं संगीत चाललं होतं. वाद्यं गप्प होत आली. मी डब्यांजवळ अंग चोरून उभा राहिलो. खोकला आला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, आणि ती शांतता मला सोसवली नाही.

"आता घोडं," मी म्हणालो. तोवर ढोल सुरू झाले होते.

"उशीर केला साहेब," आतून काकू म्हणाल्या. "ते जरा आदी म्हणायचे."