स्क्रब टायफस आणि मी न घेतलेली रजा

कमरेवर, सलवारीच्या नाडीखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. ती आहे हे मला माहीतही नव्हतं. साकोलीच्या सरकारी दवाखान्यात, पडद्यामागे, डॉक्टर मॅडमनी ती शोधून काढली तेव्हा माझ्या तापाचा सातवा दिवस होता.

"काय काम करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"विद्यार्थिनी आहे. पीएचडी करते."

"वर्गात बसून हे होत नाही. गवतात, जंगलात कुठं जाता काय?"

मी सांगितलं की नागझिऱ्याच्या बाजूला आमच्या संशोधन केंद्राचा प्लॉट आहे. ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या कोशाच्या अळ्या वाढवतो. रोज पाच-सहा तास तिथंच असते. अळ्या मोजायच्या, रोगट वेगळ्या करायच्या, झाडाखाली बसून नोंदी लिहायच्या.

"खाली बसून?"

"हो."

"मग हा स्क्रब टायफस आहे, बहुतेक. रक्त तपासायला पाठवते, पण रिपोर्टची वाट बघत नाही. गोळ्या आत्ताच सुरू करू. उशीर आधीच झाला आहे."

हा आजार काय असतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून इथे सांगते. गवतात, झुडपात डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. त्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून एक जिवाणू शरीरात जातो. चावलेलं कळत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली धरते, तिला एस्कार म्हणतात. ती बहुतेक वेळा काखेत, कमरेला, जांघेत, गुडघ्याच्या मागे असते. प्रत्येकाला दिसतेच असं नाही. लवकर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं, यकृत, फुप्फुसं, सगळ्यांवर परिणाम होतो.

माझ्या बाबतीत उशीर झाला, आणि तो मी केला.

पहिल्या दिवशी ताप आला तेव्हा अळ्या चौथ्या अवस्थेत होत्या. त्या दिवसांत त्या इतकं खातात की एका झाडाचा पाला संपला की लगेच दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. मी पॅरासिटामॉल घेतली आणि प्लॉटवर गेले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी प्लॉटवरच्या मजूर बायांपैकी वच्छलाबाई म्हणाल्या, "ताई, तुमचे डोळे लाल दिसून राह्यले. घरी जा ना, आम्ही करतो इथलं." मी गेले नाही.

कारण फक्त अळ्या नव्हत्या. सकाळी नऊला केंद्रावर हजेरीच्या मशीनवर अंगठा लावावा लागे. अंगठा नाही तर त्या दिवसाची फेलोशिप नाही. वर्षातल्या मोजक्या रजा बहिणीच्या लग्नात संपल्या होत्या. आणि पुढच्या महिन्यात माझ्या मुदतवाढीचा कागद समितीपुढे जायचा होता. 'वारंवार गैरहजर' असा शेरा त्यावर नको होता. सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, मी तापाचं कळवलंच नाही. आजारी असताना कामावर जाणं याला मी मेहनत समजत होते.

सातव्या दिवशी खोलीच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबावं लागलं. घरमालकीण काकूंनी ते पाहिलं आणि काही न विचारता मला ऑटोत घालून दवाखान्यात आणलं.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार खाली. क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची ती घाण रक्तात किती साठली आहे, ते या आकड्यावरून कळतं. डॉक्टर मॅडमनी स्वतः फोन करून नागपूरच्या हॉस्पिटलात खाट बघितली आणि अँब्युलन्स बोलावली. भंडाऱ्याला नाक्यावर बाबा चढले. आमचं घर विणकरांचं. बाबा मागावरून उठून तसेच आले होते, सदऱ्यावर सुताचे धागे होते. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला आणि नागपूर येईपर्यंत काढला नाही.

आयसीयूत मी चार दिवस होते. त्यातले दोन मला नीट आठवत नाहीत. नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर बाबांना म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत लघवी वाढली नाही तर डायलिसिस करावं लागेल. घाबरू नका, कायमचं नसतं. मशीन काही दिवस किडनीचं काम करेल." नंतर सिस्टरला बाबांनी हळूच विचारलं, "लघवी वाढाले मी काय करू?" सिस्टर म्हणाली, "तुम्ही जेवून या, काका."

सकाळी लघवी वाढली होती. डायलिसिस टळलं. बाटलीवरच्या खुणा वाचताना त्या सिस्टरच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला पदवीच्या निकालाच्या दिवशीही कोणाच्या तोंडावर दिसला नव्हता.

दवाखान्यात भरती झाल्यापासून अकराव्या दिवशी घरी आले. उपचार रेशनकार्डावरच्या सरकारी योजनेतून झाले. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती लिहून दिली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा करावा, अन्यथा फेलोशिप व नोंदणी रद्द करण्याची कारवाई करण्यात येईल.

मी पत्र दोनदा वाचलं. मग बाबांनी मोठ्यानं वाचायला लावलं.

"पण तू तर दवाखान्यात होती," ते म्हणाले.

"मी तुम्हाला सरांना फोन करायला सांगितलं होतं ना? तुम्ही केला. पण लेखी अर्ज नव्हता, बाबा."

"बेहोश माणूस अर्ज कसा लिहीन?" बाबा म्हणाले, "मले एक समजावून सांग. तू तिथं शिकून राह्यली, का नोकरी करून राह्यली?"

नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की ही नोकरी नाही, फेलो हा विद्यार्थी समजला जाईल. म्हणून कर्मचाऱ्यांना मिळणारी आजारपणाची रजा नाही, औषधोपचाराची भरपाई नाही. विद्यार्थ्यांचा सामूहिक विमा होता, पण तो अपघाताचा. किडा चावणं हा अपघात आहे की आजार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि विद्यार्थी म्हणावं तर विद्यार्थ्याला रोज नऊला अंगठा कशासाठी?

मी सरांना फोन लावला. मनातून रागावले होते. सर भित्रे आहेत असं आम्ही सगळे फेलो म्हणायचो. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू तापात प्लॉटवर होतीस हे मला वच्छलाबाईंनी सांगितलं, तू ॲडमिट झाल्यावर. मला आधी का नाही सांगितलंस?"

"मुदतवाढ होती, सर."

"असं तुला वाटलं, यात चूक माझी आहे," ते म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी एक कागद पाठवला. सही-शिक्क्यासह लिहिलं होतं की सदर फेलोला प्लॉटवरचं काम मी नेमून दिलं होतं, ते प्रकल्पाचं काम होतं, आणि आजार त्या कामाच्या ठिकाणी झालेला असण्याची दाट शक्यता आहे. हे लिहिल्यानं त्यांच्यावरही प्रश्न येऊ शकत होते. तरी त्यांनी लिहिलं.

पाच आठवडे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, मी नागपूरला विद्यापीठात गेले. आस्थापना विभागातले बाबू म्हणाले, "तुमचं इथं नाही. तुम्ही स्टुडंट. शैक्षणिक विभागात जा." शैक्षणिक विभागात सांगितलं, "रजा? रजा आस्थापनेकडे." दोन्ही टेबलं एकाच मजल्यावर होती. मधल्या बाकावर मी बसून राहिले.

तिथंच मला प्रज्ञा भेटली. वनस्पतिशास्त्राची फेलो, पवनीकडची. तिला बाळंतपणाची रजा हवी होती आणि तीही त्याच दोन टेबलांमध्ये फिरत होती. ती म्हणाली, "आपल्याले फेलोशिप देणाऱ्या संस्थेची नियमावली वाचली काय तुम्ही? मी काल वाचली. त्यात आजारपणाची रजा आहे, बाळंतपणाची आहे, फेलोशिपसकट. आपल्या विद्यापीठानं ती लावलीच नाही कधी. कोणी मागितलीच नाही ना."

कोणी मागितलीच नाही. ते खरं होतं. आम्ही सगळे आपापला ताप दाबून काम करत होतो.

आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. घोषणा नाहीत, आरोप नाहीत. नियमाचं पान जोडलं. माझं डिस्चार्ज कार्ड, सरांचं पत्र आणि साकोलीच्या डॉक्टर मॅडमची चिठ्ठी जोडली. ती मागायला गेले तेव्हा त्यांनी हातातलं काम ठेवून सविस्तर लिहून दिली होती. एकोणीस फेलोंनी सह्या केल्या. चौघांनी नाही केल्या, आणि का नाही ते मला समजत होतं.

महिन्याभरानं समितीपुढे बोलावलं. टेबलाभोवती सात माणसं होती. एकांनी विचारलं, "तुम्ही संशोधन करण्यासाठी स्वखुशीनं गवतात बसलात ना?"

मी म्हणाले, "सर, बसले नसते तर नोंद झाली नसती. आणि नोंद झाली नसती तर तुम्ही मला कामचुकार धरलं असतं."

कुलसचिवांनी नियमाचं पान उलटून पुन्हा वाचलं आणि शेजारच्यांना विचारलं, "हे आपल्याला लागू आहे ना?" शेजारचे म्हणाले, "आहे, सर."

माझी गैरहजेरी आजारपणाची रजा म्हणून धरली गेली. अडकलेली फेलोशिप मिळाली, मुदतवाढही मिळाली. प्रज्ञाची रजा मंजूर झाली, तिला मुलगी झाली. विम्याचं घोंगडं मात्र भिजत पडलं आहे. प्रस्ताव गेलाय, एवढंच सांगतात. आम्ही नोकर की विद्यार्थी हे अजून कोणी लिहून दिलेलं नाही. केंद्रावर गमबूट आले, अंगाला लावायचं औषध आलं, झाडाखाली बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. वच्छलाबाईंनाही बूट मिळाले पाहिजेत, असं आम्ही लावून धरलं. त्या तर आमच्याआधी गवतात उतरतात, आणि त्यांच्या हातात कुठलंच नेमणूकपत्र नाही. बूट मिळाले. बाकी भांडण बाकी आहे.

शेतात, जंगलात, प्लॉटवर काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना दोन गोष्टी सांगते. पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला तर अंग नीट बघा, जिथं आपण सहसा बघत नाही तिथंही, आणि डॉक्टरांना सांगा की मी गवतात काम करते. खपली दिसली नाही तरी सांगा. आणि रुजू व्हायच्या दिवशीच विचारा की मी आजारी पडले तर काय. हे विचारण्यात कामचुकारपणा नाही. मला हे कळायला चार दिवस आयसीयूत राहावं लागलं.

घरमालकीण काकू, त्या सिस्टर आणि साकोलीच्या डॉक्टर मॅडम यांची मी आयुष्यभर ऋणी आहे. मला मदत करण्यासाठी त्यांच्यापैकी कोणालाही मी नोकर की विद्यार्थी हे आधी ठरवावं लागलं नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या केंद्रावरच्या नव्या फेलोला, मोनालीला, ताप आला. सकाळी नऊला ती अंगठा लावायला आली तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावला आणि तिला तसंच दवाखान्यात नेलं. तपासलं, खपली नव्हती, रिपोर्ट चांगला आला. साधा ताप होता. बाहेर आल्यावर ती ओशाळून म्हणाली, "ताई, उगाच तुमचा दिवस गेला."

"कायले उगाच? ताप आहे ना तुले?"

तिथंच बाकावर बसून तिनं दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण काय लिहू, म्हणून माझ्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःच लिहिलं, 'ताप आहे.' फोटो काढून सरांना पाठवला. आम्ही ऑटोत बसायच्या आत सरांचं उत्तर आलं होतं: मंजूर. आराम कर.