युस्टेस अंकल गप्प बसतात

मरोळ गावठाणातल्या युस्टेसला कुणी विचारलं, काय रे, त्या कॉलेजात तू करतोस तरी काय, तर तो सांगायचा, "पोरांना हसवतो आणि कुत्र्यांना घाबरतो." कागदावर मात्र तो सिक्युरिटी सुपरवायझर होता. अंधेरी पूर्वेच्या त्या कॉलेजात त्याच्या हाताखाली पाच-सहा गार्ड, गळ्यात शिट्टी, कमरेला वॉकीटॉकी आणि तिच्या वर शर्टाची बटणं ताणून धरलेलं पोट. एकदा म्हणे सायकलचोराच्या मागे धावताना त्याला एवढी धाप लागली, की शेवटी चोरच थांबला आणि म्हणाला, "अंकल, पाणी आणू?" ही गोष्ट युस्टेस स्वतःच गावभर सांगायचा, आणि दर वेळी तो चोर जरा जास्तच प्रेमळ होत जायचा.

दर जूनमध्ये नव्या मुलांसमोर त्याचं भाषण असायचं. "कुणी त्रास दिला, कुणी मागे लागलं, काय चोरीला गेलं, तर सरळ माझ्याकडे यायचं. घाबरायचं नाय. तुमची गोष्ट इथं राहील," असं म्हणून तो पोटावर थाप मारायचा, "जागा भरपूर आहे!" अख्खा हॉल खदाखदा हसायचा, आणि युस्टेसचा दिवस झकास जायचा.

आता ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या माणसाने असं वचन द्यावं का? पण दिलं. आणि सेकंड इयरच्या श्रुतिकाने ते खरं मानलं, हा काय तिचा गुन्हा?

श्रुतिका नाहूरहून यायची. कमी बोलणारी, मान खाली घालून चालणारी पोरगी. एका दुपारी ती गेटावरच्या केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं आणि सांगितलं, की मागच्या गेटाजवळ झेरॉक्सच्या दुकानापाशी एक बाईकवाला उभा असतो. तिचे फोटो काढतो, मेट्रोच्या जिन्यापर्यंत मागे मागे येतो, काल तर त्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिला पोलिसांत तक्रार करायची होती, पण एकटीला धीर होत नव्हता. "आणि अंकल, घरी नका ना कळू देऊ. पप्पा कॉलेजच बंद करतील."

"छे गं! वेडी काय तू? इथं राहील," युस्टेस म्हणाला आणि पोटावर थाप मारली.

ती गेली, आणि युस्टेसच्या मनाला घोर लागला. गावठाणात त्याने लहानपणापासून एकच रीत बघितली होती. पोरीला कुणी छेडलं, की आधी तिच्या घरी सांगायचं, मग चार बाप्यांनी जाऊन त्या टग्याला समज द्यायची. बापालाच माहीत नाही म्हणजे काय? उद्या काही बरंवाईट झालं तर? त्याने ऑफिसातून नंबर मिळवला आणि श्रुतिकाच्या वडिलांना, श्यामसुंदररावांना, फोन लावला. बरं, जेवढं होतं तेवढं तरी सांगावं! बाटली मसाला घातल्याशिवाय युस्टेसला ना मटण जमायचं ना गोष्ट. एका बाईकवाल्याचे त्याने दोन केले. संध्याकाळी घरी येऊन बायकोला, रोझमेरीलाही सगळं सांगितलं, आणि आपण किती मोठं काम केलं म्हणून तळलेले गोल पाव, म्हणजे फुगे, दोन जास्तच खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून श्रुतिका कॉलेजात दिसेना. आठवडा गेला. मग तिची मैत्रीण अपूर्वा केबिनपाशी आली. आत काही आली नाही, दारातूनच म्हणाली, "तिचे पप्पा तिचं नाव काढून घेतायत. घरात बसवलीय. अंकल, तिनं तुम्हाला सांगितलं होतं. पप्पांना सांगायचं असतं तर ती घरीच बोलली असती ना?"

युस्टेसने मागच्या गेटाकडे बघितलं. तो बाईकवाला तिथंच होता, मजेत चहा पीत होता. गार्ड त्याच्याकडे निघाला की तो बाईकला किक मारायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वा रे सिक्युरिटी! गुंड बाहेर मोकळा, आणि पोरगी घरात बंद. आणि हे सगळं युस्टेस अंकलच्या एका फोनची करामत.

त्या रात्री पुण्याहून लेकीचा, नॅटलीचा फोन आला. रोझमेरीने तिला आधीच सगळं सांगितलेलं. घर कुणाचं शेवटी! नॅटली ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "डॅडी, म्हणूनच मी तुला कधी काय सांगितलं नाय."

"काय नाय सांगितलंस?"

"जाऊ दे."

एरवी स्वतःवर विनोद करण्यात युस्टेसचा हात कुणी धरला नसता, पण त्या रात्री त्याला एक सुचेल तर शपथ.

रविवारी चर्चमधून, मिस्साहून आल्या आल्या, अंगावरचा इस्त्रीचा शर्ट न बदलता त्याने स्कूटर काढली आणि नाहूर गाठलं. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, काय काम आहे? युस्टेसने तोंड उघडलं आणि, देवा रे, श्रुतिकाची गोष्ट मागच्या गेटापर्यंत आणूनसुद्धा ठेवली! मग जीभ चावली, "सहज आलो" म्हणाला आणि लिफ्टकडे पळाला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

श्यामसुंदरराव दारातच उभे राहिले. "तुम्हीच सांगितलंत ना, पोरगी धोक्यात आहे म्हणून? मग मी काय करायला हवं होतं? पाठवू तिला मरायला?"

"तुमचं काय चुकलं नाय, साहेब," युस्टेस म्हणाला. "गाढव मी. तिनं मला नको म्हटलेलं, तरी फोन केला. आणि माणूस एकच होता, दुसरा मी माझ्या पदरचा घातला. पण तिचं वर्ष फुकट घालवू नका हो."

"तो पकडला जाऊ दे. मग बघू."

"तिनं तक्रार दिल्याशिवाय पोलीस त्याला पकडणार कसे?"

आतल्या दारात श्रुतिका उभी होती. "मी बोलणार नाही," ती म्हणाली. "एकदा बोलले होते. काय झालं?"

युस्टेसच्या ओठांवर भाषण तयार होतं, हिंमत, न्याय, सगळं त्यात होतं. त्याने ते गिळलं. "बाळा," तो म्हणाला, "तुला काय करायचंय?"

श्रुतिका दारातून पुढे आली. एवढ्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग ती म्हणाली, "पोलिसांत जायचंय. तुम्ही सोबत चला. पप्पा, तुम्हीपण या, पण बाहेर बसा. आणि अंकल, आत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. एक पण नाही."

अहो, त्यापेक्षा तिने त्याला चौथ्या मजल्यावरून उडी मारायला सांगितलं असतं तरी परवडलं असतं! पण युस्टेसने मान हलवली, आणि श्यामसुंदररावांनी चपला घातल्या.

पोलीस स्टेशनात श्यामसुंदरराव बाहेरच्या बाकावर बसले. एवढी वर्षं सिक्युरिटीत काढली, पण हा उंबरा युस्टेसने कधी ओलांडला नव्हता. हवालदाराने श्रुतिकाकडे बघितलंही नाही. "बोला साहेब, काय भानगड?" त्याने युस्टेसलाच विचारलं. युस्टेसने श्रुतिकाकडे बोट केलं. ती बाईकवाल्याबद्दल सांगू लागली, तरी हवालदार युस्टेसकडेच वळला. "माणूस कसा होता दिसायला?" पुन्हा बोट. युस्टेसला तो माणूस पाठ होता, बाईकचा नंबरसुद्धा पाठ होता. घाम फुटला, ओठ थरथरले, पण तोंड बंद. "मुलीच्या घरचा फोन नंबर तरी सांगा!" हा तर त्याच्या जिभेच्या टोकावर होता. त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तिसऱ्यांदा श्रुतिकाकडे मान वळवली.

"मुके आहेत का हे?" हवालदार वैतागला.

श्रुतिकाला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मला विचारा. तक्रार माझी आहे." मग आतून इन्स्पेक्टर मॅडम आल्या, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता बोलली. युस्टेसला तिचा आवाज एवढा मोठा आहे हे माहीतच नव्हतं.

साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी त्या बाईकवाल्याला मागच्या गेटावरच धरलं. त्याच्या फोनात आणखी कितीतरी मुलींचे फोटो निघाले. श्रुतिका पुन्हा कॉलेजात येऊ लागली. हल्ली ती मान वर करून चालते, आणि गेटातून जाताना युस्टेसकडे बघून ओठांवर बोट ठेवते.

बाईकवाल्याला धरल्यानंतरच्या रविवारी नॅटलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग ती म्हणाली, "डॅडी, मला एक सांगायचंय. खूप वर्षं राहिलंय." युस्टेस फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेला. बराच वेळ नुसता ऐकत बसला. मध्ये बोलला नाही, शेवटी एवढंच विचारलं, "तुला काय करायचंय, बाळा?"

आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रोझमेरी ताट वाढून बसली होती. "काय बोलली रे नॅटली?"

"तिला विचार," युस्टेस म्हणाला.

रोझमेरीने हातातली पळी खाली ठेवली आणि ताप आलाय का बघायला त्याच्या कपाळाला हात लावला.