तिसऱ्या भरणीला जागा नव्हती

आजींच्या घरात शिरताना मान वाकवावी लागायची. घर मुळात बुटकं बांधलेलं नव्हतं. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलं तेव्हा डोक्यावर भाताचा भारा घेतलेला माणूस त्या दारातून सरळ आत जायचा, असं त्या सांगायच्या. दार होतं तेवढंच राहिलं, खालची जमीन मात्र वर येत गेली.

कामोठ्याच्या आमच्या जुन्या गल्लीत या वर आलेल्या जमिनीला भरणी म्हणतात. रस्ता काही वर्षांनी नवा व्हायचा. नवा म्हणजे जुन्याच्या डोक्यावर आणखी एक थर. आधी डांबर, मग काँक्रीट, मग त्यावर पेव्हर. रस्ता वर गेला की घरं आपोआप खाली गेल्यासारखी व्हायची. मग मे महिन्यात ज्याला जमेल तो टेम्पोभर रॅबिट मागवायचा. कुठल्यातरी पाडलेल्या बिल्डिंगीचे विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, मोडक्या लाद्या. ते घरात पसरायचं, धुमसायचं, वर नवी लादी. त्या पावसाळ्यात त्याच्या दारातलं पाणी शेजाऱ्याच्या दारात. पुढच्या वर्षी शेजारी भरणी करायचा, की पाणी आणखी एक दार पुढं. यात कोणाला काही वाईट केल्यासारखं वाटत नसे. जो तो आपलं घर सांभाळत होता.

असं दारोदार फिरून ते पाणी शेवटी आजींकडं येऊन थांबायचं. आजींनी दोन भरण्या करून झाल्या होत्या. तिसरीला जागाच नव्हती. आणखी एक थर टाकला असता तर कौलांखालची तुळई कपाळाला लागली असती.

मी जालन्याकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इथं आले. ते कळंबोलीला ट्रकवर असतात, दोन-दोन दिवस घरी नसतात. मला दिवस गेलेले, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही, आणि बोली अशी की निम्मं कळायचं नाही. आजींच्या घराला लागून पत्र्याची एक खोली होती, ती त्यांनी आम्हाला दिली. पहिल्या दिवशी त्यांनी ताटली झाकून सुक्या बोंबलाचं कालवण आणलं. मी म्हटलं, आजी, आमच्यात माळ आहे, आम्ही मासे खात नाही. त्या ताटली हातात घेऊन माझ्याकडं बघतच राहिल्या.

“बोंबील नाय खात? मंग जगतंस कशावर गो?”

पण दुसऱ्या दिवशी एक नवंकोरं पातेलं आणलं. त्यात फक्त माझ्यासाठी मुगाचं वरण व्हायचं. त्या पातेल्याला त्यांनी कधी मासा लागू दिला नाही. बाळंतपणात माझी आई येऊ शकली नाही. लेकीला न्हाऊ-माखू घातलं ते आजींनी. पायावर घेऊन तेल चोळताना तिला म्हणायच्या, “रर बाय, रर. तुझी आयस नुसती घाबरतं, तू तरी वरड.”

घाबरते हे खरंच. माझा स्वभावच काळजीचा. आमच्या गावी टँकर आला नाही की मी रिकाम्या हंड्यांकडं बघत बसायचे, इथं आभाळ आलं की दाराकडं. जुलैच्या एका दुपारी तसंच झालं. सकाळपासून पाऊस लागलेला आणि त्यात खाडीला भरती. पाणी रस्त्यावरून येईल म्हणून मी आजींच्या दाराशी पोतं लावून बसले, तर ते मोरीतून उलटं वर आलं. काळं, फेसाळ. बघता बघता खाट टेकवलेल्या विटा बुडाल्या. आजी आणि मी लेकीला घेऊन खाटेवर बसलो होतो. भिंतीवरच्या बोर्डाशी ठिणगी उडाली. मी उतरायला लागले तर आजींनी दंड धरला.

“तू पोरीला धर. माझ्या घरचा बटन मना ठाव हाय.”

त्यांनी मेन स्विच पाडला. परत वळताना पाण्याखाली निसरडी लादी लागली असावी. पाय सटकला आणि त्या कडेला कोसळल्या. खुबा मोडला.

त्यांचा मुलगा जुईनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ऑपरेशन झालं आणि तो त्यांना तिकडंच घेऊन गेला. पडल्या त्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून दवाखान्यासाठी गल्लीच्या बाहेर नेलं होतं. आजी मला म्हणाल्या, “पाऊस गेला का येतंय मी.” मुलगा मात्र नंतर माझ्याशी सरळ बोलला. चांगला माणूस आहे तो, मला ताई म्हणतो.

“ताई, आईला आता वॉकरवर चालता येईल, पण पाण्यातून नाही. त्या घरात पाणी येत नाही असं ज्या दिवशी होईल ना, त्या दिवशी मी स्वतः आणून सोडतो. तोवर नाही.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. आजींना परत आणायचं तर घरात पाणी येता कामा नये.

वॉर्ड ऑफिसात मी कधी गेले नव्हते. तिथं मोठ्यानं बोलणाऱ्यांचं आधी होतं, आणि मला तर पंखा आवाज करत असला तरी आपलंच चुकलंय असं वाटतं. लेकीला कडेवर घेऊन जायचे, बाकावर बसायचे, नंबर आला की बोलायचं तेवढं बोलून परत यायचे. पावसाळा संपता संपता एक इंजिनिअर मॅडम गल्ली बघायला आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. इकडून तिकडं दोनदा चालल्या आणि विचारलं, “गटार कुठंय?”

समोरचे काका, सांगलीकडचे, बँकेतून रिटायर झालेले, म्हणाले, “ही काय, त्याच्यावरच उभ्या आहात तुम्ही.”

खरंच कोणाला पटकन दाखवता येईना. प्रत्येकानं आपल्या दारापुढं गटारावर स्लॅब टाकलेला. कोणाचा स्कूटर चढवायचा उतार, कोणाचा धुण्याचा दगड, कोणाचं तुळशीवृंदावन. काकांचा तर बसायचा कट्टा. अख्ख्या गल्लीत सफाईवाला आत हात घालील असं एक भोक उरलं नव्हतं. गटार होतं, पण आत किती वर्षांचा गाळ साचलाय हे कोणालाच माहीत नव्हतं.

मॅडमनी सगळं नीट समजावलं, त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, हे गटार मोठ्या नाल्याला मिळतं, नाला तलावात जातो आणि तलाव खाडीत. खाडीच्या तोंडाशी लोखंडी झडपा आहेत. ओहोटीला त्या उघडतात, पाणी बाहेर जातं. भरतीला मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावानं धरून ठेवायचं. पण झडपांमध्ये प्लास्टिक आणि फांद्या अडकून त्या मिटत नाहीत, आणि तलाव गाळानं भरलाय. “ते आमचं काम. मी मागे लागते. पण हे स्लॅब तुम्हीच तोडायचे. नाहीतर तिकडं सगळं दुरुस्त होईल आणि तुमच्या गल्लीतलं पाणी गल्लीतच राहील.”

त्या गेल्या आणि भांडण लागलं. “आधी त्या टोकापासून तोडत या, मग बघू,” काका म्हणाले. कोपऱ्यावरची पार्लरवाली कमरेवर हात ठेवून उभी. “आणि तुमचा कट्टा, काका? कट्टा आहे का स्टेज? ऑर्केस्ट्रा बसेल त्यावर!” लोक हसले, पण हातोडा कोणी आणला नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, आम्ही तोडू, आणि पुढच्या वर्षी वॉर्डवाले रस्ता पुन्हा वर चढवतील, मग आम्ही कुठं जायचं? म्हणणं खोटं नव्हतं.

तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला, काहीच झालं नाही. पुढच्या पावसात पुन्हा पाणी आलं. लेकीला घेऊन मी काकांच्या जिन्यात बसले. काकू चहा देत होत्या आणि समोर आजींच्या बंद घरात दाराच्या फटीतून पाणी शिरताना दिसत होतं. फोनवर आजींनी विचारलं तर मी म्हटलं, थोडंसंच आलं.

“खोटा बोलतंस,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं रागावल्या.

त्यानंतर मी दारोदार गेले. स्लॅब पूर्ण तोडा असं म्हणायचा धीर नव्हता माझा. मी म्हणायचे, दारापुढं एक जाळी बसेल एवढंच उघडा. उचलता येईल अशी जाळी. तुमची स्कूटर त्यावरून जाईल, आणि आजी परत येतील. आजींचं नाव निघालं की लोक जरा थांबायचे. कोणाच्या पोराला त्यांनी दृष्ट काढलेली, कोणाला दर रविवारी कोळंबीतला वाटा दिलेला. मॅडमना मी गल्लीचं म्हणणं सांगितलं, रस्ता आधी खरवडा, मग नवा टाका. त्यांनी कबूल केलं, आणि काम निघालं तेव्हा उन्हात छत्री धरून स्वतः उभ्या राहिल्या. मशीननं जुने थर खरवडून काढले तेव्हा रस्ता गुडघाभर तरी खाली गेला. आजींच्या घराची पायरी पुन्हा दिसायला लागली. तिथं पायरी होती हेच मला ठाऊक नव्हतं.

आणि एका सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले तर काका बनियनवर, हातात घण, आपला कट्टा फोडत होते. “बघत काय बसलीस? पाटी आण,” म्हणाले. पार्लरवालीनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्या आठवड्यात सगळ्यांचे फुटले. गटारातून बाटल्या, बाहुल्या, एक अख्खी उशी निघाली. झडपा नव्या बसल्या. तलावात वाढलेल्या कांदळवनाला हात लावायची परवानगी न मिळाल्यामुळं तिथला गाळ निम्माच निघाला, पण निघाला.

यंदा जुलैत भरती आणि पाऊस एकत्र आले तेव्हा मी जाळीशी उभी राहिले. पाणी आत गटारात काठोकाठ चढलं. मी वाकून बघत राहिले. बराच वेळ ते तसंच थांबलं, आणि मग हळूहळू खाली जायला लागलं. मी आजींचं घर उघडलं. आत कुबट वास होता, पण लादी कोरडी. चपला काढून मी त्या लादीवर नुसती बसून राहिले.

दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन जुईनगरला गेले. आजी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. फार वाळल्या होत्या. मला बघून आधी लेकीला जवळ घेतलं आणि मग विचारलं, “पानी आला का?”

“नाही आलं, आजी.”

“जरा पन?”

“जरा पण नाही. लादी कोरडी आहे. मी बसून आले तिच्यावर.”

त्यांनी खिडकीबाहेरच्या पावसाकडं बघितलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, “मंग कोनाच्या घरान गेला?”

“कोणाच्याच नाही.”

“असा कसा? एवढा पानी. कोनाच्या तरी घरान गेला असल. नीट बघ गो.”

मला हसू आलं. म्हटलं, तुम्हीच येऊन बघा, मी न्यायला आले आहे, दादा म्हणाले होते सोडतो म्हणून. आजींनी मागं वळून बघितलं. त्यांचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो माझ्याकडं बघेना.

“ताई, मी तुम्हाला सांगणारच होतो. घर दिलं आम्ही. बाजूच्या दोन घरांबरोबर. दिवाळीनंतर पाडणार, बिल्डिंग होतेय. आईनंच हो म्हटलं. मागच्या पावसाळ्यात.”

मी आजींकडं वळले. त्या लेकीच्या केसांतून हात फिरवत होत्या.

“तू बोललीस थोडासा पानी आला. मना काय कलत नाय? तुझी पोर पान्यान होती. घर हाय तवर तू त्या खोलीतशी हालनार नाय, मी वलखतंय तुला. मी बोलली याला, देऊन टाक.”

काकांनी कट्टा फोडला, गल्लीनं उतार फोडले, ते कशासाठी, हे ओठावर आलं होतं. ते बोलले असते तर तिथंच त्यांना कळलं असतं की थोडी कळ काढली असती तर घर राहिलं असतं. मी ते गिळलं. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांचा हात मी हातात घेतला, तर तो लेकीच्या हाताएवढाच वाटला.

“बरं केलंत,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाल्या, “तो पानी कुठशी गेला, सांग मना.”

मग मी सांगितलं. आपल्या दारापासून काकांच्या जाळीखालून, पार्लरच्या कोपऱ्यावर वळून, देवळाच्या मागं मोठ्या नाल्यात. तिथून तलावात, आणि ओहोटी लागल्यावर झडपा उघडून खाडीत.

“उघाडी म्हनतात तिला,” त्या म्हणाल्या. “आमच्या बांधाला व्हती. माझा सासरा राखायचा.” त्यांनी डोळे मिटले होते. “देवलाजवल नाय थांबला? तिथं लय थांबतो.”

“नाही थांबला.”

“परत सांग. दारापासून.”

मी परत दारापासून सुरू केलं.