गादीखाली मावणारा लॅपटॉप

मुलांनो,

परवा तुमच्यातल्या थोरलीचा निरोप आला. कॉलेजसाठी तिला तसाच पातळ लॅपटॉप घ्यायचा आहे, जसा तुमच्या बाबांनी मला दिला होता, आणि बाबा नको म्हणतात. आजीचा आपोआप तुटला, कंपनीने हात वर केले, असं ते सांगतात. तिने मला दोन गोष्टी विचारल्या: त्याची एवढी किंमत मोजण्यात अर्थ आहे का, आणि तो खरंच आपोआप तुटला का. पहिलीचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. दुसरीचं देता येईना, म्हणून लिहायला बसले. मी तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीतून लिहिणं मला जड नव्हतं. पण मराठी तुम्हाला बाबा वाचून दाखवतात, आणि हे त्यांनीही वाचायला हवं आहे.

आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तुम्ही येऊन गेलात. तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. पाय पुढे थोडा सुधारला. बोलणं मात्र तसंच राहिलं. समजत सगळं होतं, ओठांपर्यंत काहीतरी यायचं आणि तिथे दुसराच आवाज निघायचा. तुम्हाला ते फक्त आजोबा म्हणून ठाऊक आहेत. पण नोकरीत ते बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या कोणत्या फलाटाला लागल्या हे ध्वनिक्षेपकावरून सांगायचं काम त्यांचं. लग्नानंतर मी माहेरी निघाले की फलाटावर उभी राहून नवऱ्याचा आवाज ऐकत असे, आणि आजूबाजूच्या कुणाला ठाऊक नसे की तो माझा नवरा आहे. त्या माणसाला पाणी मागता येईना.

शहरातल्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी रोजचा अभ्यास दिला. पडद्यावर चित्र दाखवायचं, खाली मोठ्या अक्षरात शब्द, त्यांनी तो म्हणायचा, आवाज भरून घ्यायचा आणि लगेच त्यांना ऐकवायचा. दिवसातून चार वेळा. पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, नंतर फार आशा ठेवू नका, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे वाक्य मी त्यांच्या अभ्यासाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

त्यांनी दिलेल्या चित्रांत सफरचंद होतं, हत्ती होता, फुगा होता. आजोबांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी डोळे मिटून घेतले. मलाही त्यांचं पटलं. मग मी स्वतःची चित्रं केली. बसच्या पाट्या. जालना, राजूर, भोकरदन, धावडा. जालना, अंबड, वडीगोद्री, शहागड. सुटा शब्द त्यांना येत नसे, पण ओळीने गावं लावली की एकाच्या मागून दुसरं गाव निघायचं. बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, असं होतं, सवयीचं बोलणं आधी येतं, हेच चालू ठेवा.

अडचण धरण्याची होती. आजोबांना उजवीकडचं दिसत नाही. पडदा त्यांच्या डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर धरावा लागतो आणि हळूहळू सरकवावा लागतो. तुमच्या बाबांचा जुना काळा लॅपटॉप घरात होता. तो दोन्ही हातांनी उचलला तरी माझं मनगट ओरडायचं. त्या मनगटात धातूची पट्टी घातलेली आहे, तुम्हाला माहीत आहे. मोबाइलवरची अक्षरं त्यांना पुरत नसत. टॅबलेट आणून पाहिला, तर त्यांचा डावा हात पडद्यावर पडायचा आणि सगळं बंद व्हायचं. चारातले दोन अभ्यास होत, कधी एकच. बाबा सुट्टीत आले, त्यांनी दोन दिवस हे पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी हा लॅपटॉप घरात आला.

आता तो कसा आहे ते लिहिते. पोळपाटापेक्षा हलका. बंद केला की शंभर पानी वहीएवढा जाड. आवाज अजिबात नाही, आत पंखाच नाही म्हणे. पण चित्रं, आवाज भरणं आणि तुमच्याशी व्हिडिओवर बोलणं या तीन गोष्टी एका वेळी त्याला झेपत नाहीत. गोल चक्र फिरत राहतं, तळ गरम होतो आणि आजोबा माझ्याकडे पाहत राहतात. बाजूला एकच प्रकारचं छिद्र, त्यात आपला पेनड्राइव्ह बसत नाही. जोडणीचा तुकडा वेगळा घ्यावा लागला.

तो तुकडा घ्यायला गेले तेव्हा किमतीचा उलगडा झाला. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. बाबांनी मला किंमत सांगितलीच नव्हती. याने ती फोनवर काढून दाखवली.

"मॅडम, बुरा मानू नका. एवढ्यात दोन आले असते. आन् दोन्हीबी याच्याहून जल्दी चालले असते."

"मग हे पैसे कशाचे?"

"पतलेपणाचे. आमच्याकडं बिर्याणी कमी दिली तर पैसे कमी घेतात. ह्या कंपन्या कमी देतात आन् जास्त घेतात."

मी हसले, पण घरी येताना रिक्षात मला लाज वाटत होती. तुमच्या बाबांनी तिकडे काय काय टाळून हे घेतलं असेल असं वाटत राहिलं. त्या दिवसापासून मी तो जपायला लागले, आणि तिथेच चूक झाली.

आपल्या घरात जपायची वस्तू गादीखाली जाते. माझ्या आईचं हेच, सासूबाईंचं हेच. घडी मोडू नये म्हणून साडी गादीखाली, सुरकुती पडू नये म्हणून शाळेचे दाखले गादीखाली. आजोबांचे एक्स-रे आणि सगळे रिपोर्ट त्यांच्याच पलंगावर पायथ्याशी, गादीखाली असतात. तुमच्याकडे यासाठी कपाटं आणि खोके असतील. आमच्याकडेही कपाट आहे, पण चोर आधी कपाट उघडतो असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत दोन घरं फुटली होती. जुना काळा लॅपटॉप गादीखाली ठेवायचं कुणाच्या मनात आलं नसतं, गादीला उंचवटा आला असता. हा मात्र एक्स-रेच्या पाकिटाशेजारी असा बसला की वरून हात फिरवला तरी कळू नये. आजोबांचे पाय हलके, पायथ्याशी दुसरं कुणी बसत नसे. दुपारचा अभ्यास झाला की मी तो तिथे सरकवायची आणि चार वाजता काढायची. पाच महिने असं चाललं. या पाच महिन्यांत धावड्यापर्यंतची ओळ पूर्ण येऊ लागली होती. सुटे शब्दही येत होते. एकदा त्यांनी पंखा बंद कर म्हटलं आणि मी आनंदाने पंखा चालूच ठेवला.

नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. वडीगोद्रीहून तुमच्या आजोबांची धाकटी बहीण आली होती, तिला बसवून मी गेले. रांग मोठी होती. मी नसताना व्यायाम घेणारे डॉक्टर आले. त्यांनी आजोबांना उठवून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासमोर स्वतः पलंगावर पायथ्याशी बसले. भाऊ पडेल या धास्तीने नणंदबाईही त्यांच्या शेजारी बसल्या. दोन्ही धडधाकट माणसं.

मी परत येऊन गादी उचलली, लॅपटॉप काढला, उघडला. पडद्यावर डावीकडे शाई सांडल्यासारखा डाग होता आणि वरून खालपर्यंत रंगीत रेघा. नणंदबाई माझ्या मागे उभ्या होत्या.

"वहिनी, असलं गादीखाली कोण ठेवतं?"

"कुणाला दिसू नये म्हणून ठेवला."

"मंग न्हाईच दिसला की. म्हणून तर बसले."

त्यांनी चहा केला. चहा पिताना त्या हळूच म्हणाल्या, "पोराला काय सांगणार?" मी म्हटलं, बघू.

रविवारी फोनवर तुमच्या बाबांना मी सांगितलं की उघडला तर असाच होता, आपोआप झालं. शब्द तोंडातून सहज गेले. आयुष्यभर मुलांच्या खोट्या सबबी ऐकल्या, तेव्हा खोटं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. नणंदबाई पलीकडे भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाबा संतापले. त्यांनी कंपनीला लिहिलं, पुन्हा लिहिलं. कंपनीचं म्हणणं होतं की पडदा दाबाने गेला आहे आणि दाबाची हमी नसते. कंपनी खरं बोलत होती आणि बाबा तिला लबाड म्हणत होते. दर रविवारी खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

दुरुस्तीसाठी मी त्याच दुकानदाराकडे गेले. त्याने झाकण उघडलं, दिव्याखाली धरलं.

"मॅडम, ह्याच्यावर काय दाबलं?"

"काही नाही."

"बराबर," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "शाळेत आम्हीबी हेच म्हणायचो."

पडदा बाहेरून मागवावा लागला. पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी जुना काळा लॅपटॉप काढला. पहिले चार दिवस चारही अभ्यास घेतले. पाचव्या दिवशी मनगट सुजलं. मग स्टुलावर उशी ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला, पण तो पुरेसा डावीकडे येईना, आणि वाकवून धरायला पुन्हा हातच लागायचा. नणंदबाईंनी आठवडाभर धरला, मग त्यांच्या घरी कापसाची वेचणी सुरू झाली. नंतर दिवसाला एक अभ्यास, आणि काही दिवस तोही नाही. ज्या दिवशी अभ्यास झाला नाही त्या दिवशी मी वहीत रेघ मारायची. त्या पानांवर रेघाच जास्त आहेत. तुम्ही विचाराल की मदतीला कुणाला का ठेवलं नाही, बाबांना का सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पडदा का तुटला तेही सांगावं लागलं असतं. मी थकले होते, मुलांनो, आणि थकलेलं माणूस एका खोट्याच्या आडोशाला बसून राहतं.

नवा पडदा आला तेव्हा आजोबा राजूरला अडकत होते. राजूर म्हणायचे आणि पुढे माझ्या तोंडाकडे बघायचे. भोकरदन मी म्हणायचे, ते ओठ हलवायचे. पंखा हा शब्द गेला होता. बाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी वही उलटून पाहिली, रेघा मोजल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "एवढा खंड पडायला नको होता." मी त्यांनाही कारण सांगितलं नाही. हे खंडामुळेच झालं की तसंही होणार होतं, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मी मात्र रोज ते माझ्याच नावावर घालते.

आता थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर. तो लॅपटॉप आपोआप तुटला नाही. मी गादीखाली ठेवला, त्यावर दोन माणसं बसली. कंपनीचा दोष नाही. आणि आता तुमच्या बाबांसाठी: बाळा, हे तू मोठ्याने वाचत असशील तर इथे थांबू नकोस, मुलांना पुढचंही वाचून दाखव. तू कंपनीला लिहिलेल्या पत्रांबद्दल मला वाईट वाटतं.

थोरले, किमतीचं म्हणशील तर दुकानदार खरं बोलला होता. त्या पैशात याच्याहून वेगवान यंत्र येतं, पाहिजे तर दोन येतात. तुझा अभ्यास जड असेल, मोठी चित्रं, मोठी गणितं यंत्राकडून करून घ्यायची असतील, तर हा घेऊ नकोस, तो तुला वाट पाहायला लावेल. जाड घे आणि टेबलावर ठेव. पण वाचणं-लिहिणं एवढंच असेल आणि तो दिवसभर तुझ्याच खांद्यावर राहणार असेल, तर घे. मी तो पाच महिने दिवसातून चार वेळा एका हाताने उचलला आणि माझं मनगट एकदाही दुखलं नाही. जुन्याने ते चार दिवस चाललं. मला तो त्या किमतीचा वाटतो. पण तुझं मनगट धड आहे, म्हणून माझा हिशेब तुला जसाच्या तसा लागू होणार नाही. आणि घेतलास तर तो नाजूकच आहे. दिसेल अशा जागी ठेव.

अभ्यास अजून चालू आहे, आता दोनदाच, कारण पहिलं वर्ष संपलं आणि मलाही चार वेळा होत नाही. भोकरदन परत आलं नाही, धावडाही नाही. अंबड, वडीगोद्री आणि शहागड ते एका दमात म्हणतात. पाणी, चहा, नको आणि तुमच्या बाबांचं घरातलं नाव, एवढे सुटे शब्द त्यांच्याजवळ आहेत.