बारा पेरांची मिशी

कैरोच्या कीटकसंग्रहात वहबाकाकांचा मोठा दरारा. शिक्षण बेताचं, पण लांब मिशांचे भुंगेरे ओळखावेत ते त्यांनीच. भिंगाखाली मिशीची पेरं मोजायचे आणि कीटकशास्त्राच्या भल्याभल्या डॉक्टरांना सुनावायचे, "अकरा आहेत, साहेब. परत शाळेत जा!"

त्यातल्या एका गटात बारा पेरं एकाच भुंगेऱ्याची. वाळवंटातल्या बाभळीच्या ओंडक्यातून काकांनीच तो काढलेला. डावी मिशी तुटकी, उजवी तेवढी शाबूत. नवी जात ठरायला दोन वर्षं गेली. तोवर त्यांची एकुलती एक लेक दिमयाना तापाने गेली होती, नऊ वर्षांची. काकांनी एकच मागणं मागितलं, आणि जगाच्या यादीत त्या जातीला दिमयानाचं नाव लागलं.

यंदा रुकय्या नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंना ती जात पुन्हा तपासायची होती. भुंगेरा मऊ व्हावा म्हणून काकांनी स्वतः तो कोमट पाण्यात सोडला. थोड्या वेळाने मिशी सुटून वर आली. बुडाशी डिंक विरघळत होता.

"काका, ही दुसऱ्याच गटातल्या भुंगेऱ्याची," रुकय्या हळूच म्हणाली. "कुणी चिकटवली?"

संग्रहात डिंक कुणी वापरत नसे. डिंकाची बाटली असायची दिमयानाच्या दप्तरात. तेव्हा भुंगेरा इतर भुंगेऱ्यांबरोबर घरच्या टेबलावर वाळत होता आणि काकांनी तंबी दिली होती, "बोट लावलंस तर हात मोडीन!" दुसऱ्या दिवशी पोरीने ताटातल्या ताअमियाच्या वड्यांना हात लावला नाही. नुसतं विचारत होती, "बाबा, मिशी मोडली तर भुंगेरा ओळखूच येत नाही का?"

"डोकं खाऊ नकोस," काका म्हणाले होते.

आज त्यांनी रुकय्याला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "परत चिकटवू या, काका. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!" काका ओरडले, मग एकदम बसले. "मी रागावलो नसतो गं तिला." लगेच त्यांनी मान हलवली. "नाही, रागावलोच असतो. फोडून काढली असती." आणि ते लहान मुलासारखे रडले.

डोळे पुसून त्यांनी चिठ्ठी लिहिली. वेगळी जात नाही. मिशी दुसऱ्या भुंगेऱ्याची. चिकटवणारा, वहबा.

"काका, अहो, छत्तीस वर्षांचं नाव जाईल तुमचं!"

"जाऊ द्या, बाई. या वेळी तिला कुणी बोलायचं नाही."